टॉर्क रेंचला क्रोफूट आणि एक्स्टेंशन लावल्यावर सेटिंग किती ठेवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पंपाच्या एका नटावर पाइप आडवा येतो, त्यामुळे वरून सॉकेट बसत नाही. मॅन्युअलमध्ये टॉर्क, म्हणजे नट फिरवणारा पीळ, ६० न्यूटन मीटर दिलाय. खाली क्रोफूट (नटाला बाजूने धरणारं उघड्या तोंडाचं पान्याचं डोकं, ज्याला चौकोनी भोक असतं), त्यावर २५० मिमीचं एक्स्टेंशन (लांबी वाढवणारी सरळ कांडी) आणि वर टॉर्क रेंच अशी जोडणी केली की नटापर्यंत पोहोचता येतं. एक जण म्हणतो, एक्स्टेंशन टॉर्क खातं, सेटिंग ६५ वर ठेव. दुसरा म्हणतो, क्रोफूटमुळे टॉर्क वाढतो, सूत्र लावून कमी कर. तिसरा म्हणतो, क्रोफूट काटकोनात लाव आणि बिनधास्त ६० वर ओढ. ऐकायचं कुणाचं?

या कामापुरतं तिसऱ्याचं ऐका. क्रोफूट रेंचच्या दांड्याला काटकोनात ठेवा आणि सेटिंग ६०. पहिल्याचं म्हणणं साफ चूक आहे. दुसऱ्याचं सूत्र बरोबर आहे, पण तुमच्या जोडणीत ते जसंच्या तसं लागू पडत नाही. का पडत नाही, हे पंप-कॉम्प्रेसरच्या कामात बरीच वर्षं घालवल्यावर मला कळलं, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

मुळात रेंच काय मोजतो? रेंच मोजतो तो त्याच्या स्वतःच्या चौकोनावर, म्हणजे जिथे सॉकेट बसतं त्या चौकोनी ड्राइव्हवर येणारा टॉर्क. नट त्या चौकोनाच्या बरोबर खाली, एकाच अक्षावर असेल तर रेंचचा आकडा आणि नटाचा टॉर्क एकच. क्रोफूट लावला की नट बाजूला सरकतो. तुमचा हात आता चौकोनाभोवती नाही तर नटाभोवती फिरतोय, पण बिचाऱ्या रेंचला ते कळायला काही मार्ग नाही.

समजा, चौकोनाच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंतचं अंतर ३६० मिमी आहे. क्रोफूटच्या चौकोनापासून नटाच्या मध्यापर्यंतचं अंतर ४० मिमी. क्रोफूट दांड्याच्या सरळ रेषेत पुढे लावलाय आणि मध्ये एक्स्टेंशन नाही. नटापासून हातापर्यंतचं अंतर झालं ४००. रेंच ६० वर ठेवून ओढला तर क्लिक होईल (सेटिंगएवढा टॉर्क आला की रेंच ‘टक्’ करतो) तेव्हा नटावर ६० × ४०० ÷ ३६० म्हणजे जवळपास ६६.७ न्यूटन मीटर पडलेले असतील. अकरा टक्के जास्त. म्हणून उलटं गणित करायचं: हवा असलेला टॉर्क गुणिले रेंचची लांबी, भागिले रेंचची लांबी अधिक क्रोफूटची लांबी. ६० × ३६० ÷ ४०० = ५४. सेटिंग ५४ ठेवलं की नटाला ६० मिळतात. दुसऱ्या सल्लागाराचं सूत्र ते हेच.

क्रोफूट उलटा, म्हणजे मुठीच्या दिशेने वळवून लावला तर बेरजेऐवजी वजाबाकी येते: ६० × ३६० ÷ ३२० = ६७.५, म्हणजे सेटिंग वाढवावं लागतं. मधल्या कोनात क्रोफूटची पूर्ण लांबी धरायची नाही, दांड्याच्या रेषेवर तिची जेवढी सावली पडेल तेवढीच धरायची. ४५ अंशाला ४० मिमीची सावली २८.३ मिमी, सेटिंग साधारण ५५.६. काटकोनात सावली शून्य, म्हणून सेटिंग जसंच्या तसं.

काटकोनाबद्दल एक गैरसमज मी स्वतः काही वर्षं बाळगला होता. मला वाटायचं की नटापासून हातापर्यंतची तिरकी रेषा, म्हणजे त्रिकोणाचा कर्ण, धरायला हवा. तसं नाही. हाताचा जोर दांड्याला काटकोनात लागतो आणि टॉर्कसाठी मोजायचं असतं ते नटापासून त्या जोराच्या रेषेपर्यंतचं लंब अंतर. क्रोफूट काटकोनात असताना ते अंतर बरोबर रेंचच्या लांबीएवढंच भरतं. लांब रेंचवर हा फरक दिसत नाही. पण १५० मिमीच्या छोट्या रेंचवर ८० मिमीचा ॲडॉप्टर लावून मी कर्णाने हिशेब करायचो, म्हणजे १७० धरायचो, आणि प्रत्येक बोल्ट बारा टक्क्यांनी ढिला ठेवायचो. त्या बोल्टांतून कधी काही गळलं नाही हे माझं नशीब.

आता तुमच्या जोडणीकडे येऊ. वरचं सगळं गणित एक गोष्ट गृहीत धरून चालतं: रेंचवर फक्त एकाच हाताचा जोर आहे, तोही मुठीवर. तुमच्याकडे मध्ये २५० मिमीचं एक्स्टेंशन आहे. मूठ ओढली की नुसता पीळ पडत नाही, पूर्ण जोडणी तुमच्याकडे कलंडायला बघते, कारण ओढ नटापासून पाव मीटर उंचीवर लागतेय. उघड्या तोंडाचा क्रोफूट हे कलंडणं थोपवू शकत नाही. तो नटावरून निसटेल, नाहीतर नटाचे कोपरे खाईल. मग आपण काय करतो? दुसरा हात रेंचच्या डोक्यावर ठेवतो आणि उलट्या बाजूला रेटतो. सगळेच करतात आणि करायलाच हवं.

पण हा दुसरा हात हिशेब बिघडवतो. तो रेंचच्या चौकोनावरच लागत असल्यामुळे रेंचच्या लेखी त्याचा टॉर्क शून्य. नटाच्या लेखी मात्र तो शून्य नाही, कारण नट ४० मिमी पुढे आहे. वरच्या उदाहरणात सेटिंग ५४ आहे, म्हणजे क्लिकच्या वेळी मुठीवर १५० न्यूटनचा जोर असतो (५४ भागिले ०.३६). आधाराच्या हाताने तेवढाच उलटा जोर लावला तर दोन जोरांची जोडी बनते आणि नटाला नेमके ५४ मिळतात, ६० नाही. अर्धाच आधार दिला तर ५७. उलट, कुणी डोक्यावरचा हात ओढण्याच्याच दिशेने १०० न्यूटनने ढकलला, म्हणजे साधारण दहा किलोचा जोर लावला, तर नटावर ४ न्यूटन मीटर जास्तीचे पडतात आणि रेंचला त्याचा पत्ताही लागत नाही. हात किती रेटतोय हे कुणी मोजत नाही, त्यामुळे ‘सूत्राने ५४’ हे उत्तर इथे अंदाजपंचे ठरतं.

काटकोनाची खरी किंमत इथे कळते. क्रोफूट काटकोनात असला की नट आणि रेंचचा चौकोन ज्या रेषेवर असतात, त्याच रेषेत तुमच्या आधाराच्या हाताचा रेटाही जातो. म्हणजे तो नटाच्या मधूनच जातो आणि नटाला फिरवू शकत नाही. आधार कमी द्या, जास्त द्या, नटावर ६० च. क्रोफूट डावीकडे असो वा उजवीकडे, हिशेब तोच. म्हणून एक्स्टेंशन आणि क्रोफूट एकत्र असतील तेव्हा मी काटकोन सोडत नाही. एक्स्टेंशन नसेल, क्रोफूट थेट रेंचला लागत असेल आणि डोक्याला आधाराची गरज नसेल, तर मात्र मी सरळ रेषेत लावून सूत्र वापरणं पसंत करतो. अनेकांना हे उलटं वाटतं, ‘काटकोनात हिशेबच नको, मग तेच सोपं नाही का?’ म्हणतात. पण कोन आपण डोळ्यांनी ठरवतो. सरळ रेषेत डोळा १० अंशांनी चुकला तर वरच्या मापांत टॉर्क जेमतेम ०.१५ टक्क्याने हलतो. काटकोनात तेवढाच चुकला तर जवळपास दोन टक्क्यांनी. म्हणजे ‘काटकोनात लाव आणि विसर’ यातलं ‘विसर’ तेवढं मला मान्य नाही. गुण्या लावायची गरज नाही, पण शेवटच्या ओढीआधी वरून एकदा सरळ खाली बघा.

शेवटची ओढ म्हणतोय त्यालाही कारण आहे. आपल्या बहुतेक रेंचना रॅचेट असतं, म्हणजे दांडा मागे नेला तरी नट उलटा फिरत नाही. सॉकेट लावलेलं असताना रॅचेटने मागे-पुढे केल्याने काही बिघडत नाही. क्रोफूट असताना बिघडतं. रेंच मागे नेला की क्रोफूट नटावर तसाच राहतो आणि दांडा फिरतो, म्हणजे दोघांमधला कोन बदलतो. तुम्ही काटकोनात सुरुवात केली असेल, तीन वेळा रॅचेट केल्यावर तो १३० अंश झालेला असतो. क्लिक त्या कोनात झाला तर सगळा हिशेब पाण्यात. त्यामुळे नट आधी साध्या पान्याने बसवून घ्यायचा, मग रेंच लावायचा, कोन नीट बघायचा आणि एका सलग ओढीत क्लिकपर्यंत जायचं. जागा कमी पडली, ओढ मध्येच थांबली, तर तिथूनच पुढे रेटू नका. थांबलेल्या नटाचं घर्षण फिरत्या नटापेक्षा जास्त असतं, नट न हलताच क्लिक होतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. पाव फेरा ढिला करा, कोन पुन्हा लावा, पुन्हा ओढा.

पहिला सल्लागार म्हणतो त्या ‘टॉर्क खाणाऱ्या’ एक्स्टेंशनबद्दल. सरळ एक्स्टेंशन रेंचच्या चौकोनाच्या अक्षावरच असतं. त्याला पीळ बसतो, लांब आणि बारीक असेल तर डोळ्यांना दिसेल इतका बसतो, पण या टोकाला दिलेला टॉर्क त्या टोकाला पोहोचतोच. मध्ये कुठे घासत असेल तर तेवढा जाईल, म्हणून भोकातून जाणारं एक्स्टेंशन मोकळं फिरतंय का ते बघा. हा समज आला इम्पॅक्ट गनवरून. गन ठोके मारते. लांब एक्स्टेंशन स्प्रिंगसारखं वागून प्रत्येक ठोक्यातला काही भाग गिळतं. चाकांच्या नटांसाठी टॉर्क मर्यादित ठेवणाऱ्या ज्या बारीक कांड्या गनला लावतात, त्या याच तत्त्वावर चालतात. हाताने सावकाश ओढलेल्या रेंचला हा नियम लागू नाही.

युनिव्हर्सल जॉइंटचं, म्हणजे कोनात वाकणाऱ्या सांध्याचं, प्रकरण वेगळं. तो वाकवला की टॉर्क सारखा पोहोचत नाही, फिरताना कमी-जास्त होत राहतो. १५ अंशांना हा चढउतार दोन्ही बाजूंना साधारण साडेतीन टक्के असतो, ३० अंशांना तो खाली १३ आणि वर १५ टक्क्यांपर्यंत जातो. क्लिकच्या क्षणी जॉइंट कुठल्या स्थितीत होता हे आपल्या हातात नसतं, त्यामुळे याला सूत्र लावून उपयोग नाही. शक्य तितका सरळ ठेवायचा, १५ अंशांच्या वर टॉर्कच्या कामाला वापरायचा नाही. टोक गोलसर असलेल्या वॉबल एक्स्टेंशनलाही मी हाच नियम लावतो.

मोजमापाबद्दल थोडं, कारण इथे लोक नेमकं उलटं करतात. रेंचची लांबी टेपने दोनदा मोजतात आणि क्रोफूटची ‘असेल चार सेंटिमीटर’ म्हणून ठोकून देतात. वरच्या मापांत रेंचची लांबी १० मिमीने चुकली तर नटाच्या टॉर्कमध्ये पाव टक्क्याच्या आसपास फरक पडतो. क्रोफूटची तेवढीच चुकली तर अडीच टक्के. तेव्हा व्हर्नियर काढायचाच असेल तर तो क्रोफूटसाठी काढा. चौकोनाच्या मध्यापासून जबड्यात बसलेल्या नटाच्या मध्यापर्यंत मोजा, जबड्याच्या टोकापर्यंत नाही.

हात मुठीच्या मधोमध हवा. मुठीवर रेघ किंवा खाच असते ती त्यासाठीच, मधलं बोट तिथे ठेवायचं. साध्या क्लिक रेंचमध्ये आतली बिजागरी चौकोनापासून थोडी मागे असते, त्यामुळे हात सरकला की क्रोफूट नसतानाही क्लिक थोडा हलतो. दांड्यावर पाइप चढवून ओढणं तर सपशेल बंद. ५४ चं सेटिंग आपण ३६० मिमीवर काढलं. पाइप लावून हात ६०० वर नेला तर नटाला ५७.६ च मिळतात, शिवाय बिजागरीची ती चूक वेगळी. जोर पुरत नसेल तर मोठा रेंच घ्या. रेंच जितका लांब आणि क्रोफूट जितका आखूड, तितक्या या सगळ्या चुका लहान होतात. अडचण एकच, मोठ्या रेंचचं खालचं माप मोठं असतं. सेटिंग रेंचच्या कमाल मापाच्या २० टक्क्यांच्या खाली जाऊ नये. सूत्राने आकडा कमी केल्यानंतर तो त्या हद्दीत राहतोय ना, हे तपासायला माणूस विसरतो.

डोकं बदलता येणारे रेंच वापरणाऱ्यांसाठी: तिथे निर्मात्याने एका ठरावीक लांबीचं डोकं गृहीत धरून पट्टी आखलेली असते. ९ × १२ मिमीच्या खाचेसाठी ती १७.५ मिमी असते आणि १४ × १८ साठी २५ मिमी. त्या लांबीचं कुठलंही डोकं लावा, हिशेब नको. लांब डोकं लावलं तर फक्त जास्तीची लांबी क्रोफूटसारखी धरायची, पूर्ण नाही. रेंच आणि सॉकेटच्या मध्ये बसणाऱ्या डिजिटल टॉर्क ॲडॉप्टरवर लोकांचा फार विश्वास असतो, पण तोही स्वतःच्या अक्षावरचाच टॉर्क दाखवतो. त्याच्या खाली क्रोफूट लावलात तर त्यालाही तेच सूत्र.

टॉर्क मल्टिप्लायरबद्दल, म्हणजे गिअरने टॉर्क वाढवणाऱ्या साधनाबद्दल, एवढंच की त्यावर छापलेलं ५ : १ म्हणजे नेहमी पाचपट टॉर्क असं नसतं, गिअरच्या घर्षणात काही जातो. सोबतच्या कागदावर प्रत्यक्ष पटीचा आकडा असतो, भागायचं त्याने. तो ४.६ असेल आणि ६०० न्यूटन मीटर हवे असतील तर सेटिंग १३०, १२० नाही. आणि त्याचा टेकू ज्या बाजूला आपटतो तिथे बोटं नकोत.

हे सगळं टक्क्या-टक्क्याचं गणित करताना दोन गोष्टी ध्यानात असू द्या. पहिली, आयएसओ ६७८९ या मानकानुसार १० न्यूटन मीटरच्या वरच्या साध्या क्लिक रेंचला अधिक-उणे ४ टक्के चूक मान्य आहे. म्हणजे ५३.९ की ५४.१ यावर वाद घालण्यात अर्थ नाही. अकरा टक्क्यांची चूक मात्र या मुभेत बसत नाही. वर्षातून एकदा किंवा ५००० क्लिकनंतर, जे आधी होईल तेव्हा, रेंच तपासून घ्यावा. दुसरी गोष्ट जास्त मोठी आहे: आटे कोरडे आहेत की तेलकट. आपल्याला खरं तर हवा असतो बोल्टमधला ताण आणि टॉर्कचा बहुतेक भाग घर्षणातच जातो. ढोबळ हिशेबाने १२ मिमीच्या कोरड्या बोल्टला ६० न्यूटन मीटर दिले तर ताण येतो २५ किलोन्यूटन. आट्यांना आणि नटाच्या तळाला तेल असेल तर त्याच ६० मध्ये तो ३३ च्या घरात जातो. क्रोफूटच्या सगळ्या चुका एकत्र केल्या तरी एवढी चूक होणार नाही. मॅन्युअल कोरडं म्हणतं की तेल लावून म्हणतं, ते सेटिंगच्याही आधी वाचा.

तुमच्या जोडणीबद्दल खात्री करायची असेल तर त्याच पंपावरचा, त्याच मापाचा, मोकळ्या जागेतला एक नट निवडा. एक्स्टेंशन आणि काटकोनातला क्रोफूट लावून, वरच्या हाताने आधार देत ६० ला क्लिक होऊ द्या. नटावर आणि खालच्या पृष्ठभागावर मिळून एक रेघ मारा. नट पाव फेरा ढिला करून आता नुसत्या सॉकेटने ६० पर्यंत ओढा. दोन्ही रेघा जवळपास जुळल्या तर हात बसला. सॉकेटने रेघ ठळकपणे पुढे गेली तर क्रोफूट काटकोनातून मुठीकडे झुकत होता किंवा एक्स्टेंशन तिरपं होतं. हे अचूक मापन नव्हे, पण ढोबळ चूक पकडतं.

आणि क्रोफूटच्या पाठीवर त्याची लांबी कोरून ठेवा, माझ्या प्रत्येक क्रोफूटवर आहे. मार्करने लिहू नका, ग्रीसच्या हाताने आठवड्यात पुसलं जातं.